उद्धाराचा संकल्प कोणाचा?

पूजेच्या आरंभी यजमान तळहातावर पाणी घेऊन बसतो आणि पुरोहित त्याच्याकडून देशकालाचा उच्चार करवून घेतो. सुरतेजवळ पलसाणा येथे, कापडाच्या गिरण्यांच्या परिसरात स्थायिक झालेल्या एका मराठी गृहस्थांकडे सत्यनारायणाच्या पूजेस बसण्याचा योग मध्यंतरी आला. पुरोहितांनी तापीचे दक्षिण तीर, तिथी, नक्षत्र, गोत्र यांचा उच्चार केला आणि यजमानाच्या दुरितक्षयासाठी ही पूजा असे म्हणवून पाणी सोडविले. यजमानांचे व्यारा भागातले एक ख्रिस्ती सहकारी दाराशी बसून हे सारे लक्षपूर्वक पाहत होते. पूजा आटोपल्यावर ते म्हणाले, “पाप जावे हा संकल्प तुमच्यात माणूस करतो, आमच्यात तो देवाने केला आहे.” बोलण्यात कुरघोडीचा लवलेश नव्हता. मी काही तरी बोलून वेळ मारून नेली, परंतु ते वाक्य मनातून जाईना.

ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा त्या एका वाक्यात आला आहे. त्या श्रद्धेप्रमाणे पाप म्हणजे केवळ निषिद्ध कर्म नव्हे आणि त्या कर्माचे साठलेले फळही नव्हे. ते ईश्वराशी असलेल्या नात्याचा भंग आहे. मोडलेले नाते अपराध्याने एकट्याने जोडू म्हटल्यास जोडता येत नाही. ज्याचा अपराध झाला त्याने हात पुढे करावा लागतो. म्हणून जगाच्या उत्पत्तीपूर्वीच ईश्वराने मानवाच्या उद्धाराचा निश्चय केला, पुढे तो स्वतः मानवदेह धारण करून आला आणि क्रूसावर पापाचा भार त्याने आपल्या अंगावर घेतला, असे ते मानतात. नव्या करारातील लूकच्या पंधराव्या अध्यायात शंभर मेंढरांपैकी नव्याण्णव रानात सोडून हरवलेल्या एकाच्या शोधार्थ निघालेल्या मेंढपाळाचा दृष्टांत आहे. व्यवहारदृष्टीने हा मेंढपाळ वेडाच म्हटला पाहिजे. पण दृष्टांताचे मर्म त्या वेडातच आहे. मेंढराने हाक मारल्याचा त्यात उल्लेखसुद्धा नाही.

आमच्याकडे असे काही नाही, असे म्हणण्याची घाई करू नये. अजामिळाची कथा भागवताच्या सहाव्या स्कंधात आहेच, आणि दुराचाऱ्यालाही भक्तीचे दार उघडे आहे, असे आश्वासन गीतेच्या नवव्या अध्यायात आहे. श्रीवैष्णवांत तर याच प्रश्नावरून दोन पक्ष झाले. माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरते, म्हणून जीवानेही थोडा प्रयत्न केला पाहिजे, असे एक पक्ष म्हणतो. मांजरीचे पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते, हे दुसऱ्याचे म्हणणे. पलसाण्याचे ते गृहस्थ या दुसऱ्या पक्षात सहज बसले असते.

तरीही एक भेद उरतोच. गीतेच्या चौथ्या अध्यायात अवताराचे प्रयोजन सांगितले आहे ते साधूंच्या रक्षणाचे आणि दुष्टांच्या नाशाचे. ख्रिस्ती अवतार प्रामुख्याने दुष्टांसाठीच आहे. शिवाय कर्मसिद्धांताप्रमाणे ज्याचे त्यानेच भोगावयाचे. एकाचे प्रायश्चित्त दुसऱ्याने घ्यावे, तेही निरपराधाने, ही कल्पना आमच्या न्यायबुद्धीला खटकते. ती खटकावी हे मला स्वाभाविक वाटते.

ती ज्याला सर्वांत अधिक खटकली तो एक मराठी ब्राह्मणच होता. नीलकंठशास्त्री गोरे हे मूळच्या कोकणी घराण्यातले, काशीत वाढलेले. जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने १८३९ साली ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत ग्रंथ लिहून हिंदू धर्मावर आक्षेप घेतले, तेव्हा ऐन तारुण्यातील नीलकंठशास्त्र्यांनी १८४४च्या सुमारास ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून त्यास उत्तर दिले. त्यांचा सवाल सरळ होता. पूर्वजन्म नाही, तर बालकांच्या वाट्यास दुःख का यावे? आणि कोण नरकात जाणार हे आधीच जाणणाऱ्या ईश्वराने त्यांना निर्माण तरी का करावे? अशा निर्मात्याला दयाळू कसे म्हणावे? याच शास्त्रीबुवांनी १८४८ साली बाप्तिस्मा घेतला. पुढे ते फादर नेहेमाया गोरे म्हणून प्रसिद्ध झाले आणि १८९५ साली मुंबईत वारले. परंतु धर्मांतराने त्यांचे प्रश्न मिटले नाहीत. अनंतकाळच्या शिक्षेचा विचार त्यांना नंतरही छळीत राहिला. माझ्या मते ही त्यांच्या प्रामाणिकपणाचीच खूण आहे.

कारण प्रश्न खरोखरच बिकट आहे. ईश्वराचा निश्चय अढळ असेल, तर सर्वांचा उद्धार झालाच पाहिजे. आणि काहींचा होणार नसेल, तर तो निश्चय थोड्यांपुरताच होता असे म्हणावे लागते. सोळाव्या शतकात जॉन कॅल्व्हिनने हा दुसरा पर्याय निःशंकपणे पत्करला. एकोणिसाव्या शतकात गुजरातेत आलेले आयरिश प्रेस्बिटेरियन मिशनरी त्याच परंपरेचे होते. आपल्या वाचकांपैकी जे पर्तगाळी किंवा काशी मठाचे अनुयायी आहेत, त्यांनी मात्र कॅल्व्हिनला हसू नये. आपल्या मध्वाचार्यांनी त्याच्या तीन शतके आधी जीवांचे मुक्तियोग्य, नित्यसंसारी आणि तमोयोग्य असे तीन वर्ग केले होते, आणि तिसऱ्या वर्गाला अंधतमसातून सुटका ठेवलेली नाही. फरक इतकाच की मध्वमतात जीवाची योग्यता अनादि आहे, ईश्वराने ती घडविलेली नाही. त्यामुळे ईश्वरावर पक्षपाताचा दोष येत नाही. हा युक्तिवाद ख्रिस्ती मताला उपलब्ध नाही, कारण तेथे जीव हा ईश्वराचीच निर्मिती आहे.

आता मी जरा कटु विषयाकडे वळतो. ईश्वराने उद्धाराचा निश्चय केला, येथवर विषय तत्त्वज्ञानाचा आहे. तो निश्चय अमलात आणण्याचा अधिकार आपल्याकडे आहे, असे माणसांना वाटू लागले की तो इतिहासाचा होतो. सासष्टीतील देवालये १५६७ साली पाडली गेली. त्याच दशकात कुशस्थळीचा मंगेश जुवारी ओलांडून प्रियोळास गेला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. गोव्यात १५६० पासून असलेले इन्क्विझिशन, मधली चार वर्षे वगळता, १८१२ पर्यंत टिकले. हे करणाऱ्यांत लोभी होते तसेच आत्मे तारण्याच्या तळमळीने झोप उडालेले लोकही होते, आणि मला अधिक भय वाटते ते या दुसऱ्यांचे. लोभ्याचे पोट केव्हा तरी भरते. दुसऱ्याचा उद्धार करावयास निघालेल्याला थांबण्याचे ठिकाण नसते.

त्याच सासष्टीत फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट जवळजवळ चाळीस वर्षे राहिला. नव्याने ख्रिस्ती झालेले लोक आपल्या पुराणांना मुकले होते, म्हणून त्याने त्यांच्यासाठी मराठी ओवीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचिले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. स्वर्गाला त्याने वैकुंठ म्हटले. ज्यांचे ग्रंथ हिरावले गेले त्यांच्याच वाणीत त्यांना देवाची करुणा सांगावयाची, यातील विसंगती त्याला जाणवली असेल का, हे कोण सांगणार? ग्रंथाची मराठी मात्र गोड आहे, आणि तो वाचताना पूर्वजांचा राग मनात ठेवून वाचणे मला तरी जमलेले नाही.

दुसऱ्या बाजूला आमचा हिशेबही स्वच्छ नाही. समुद्रपर्यटन केले म्हणून, परजातीच्या पंक्तीला बसला म्हणून आम्ही माणसे वाळीत टाकली, ग्रामण्ये केली. पाऊल घसरलेल्या स्त्रीला तर परतीची वाटच ठेवली नाही. अजामिळाची कथा आम्ही देवळात ऐकली, आणि घरी आल्यावर अजामिळाला दाराबाहेर उभे केले. पंडिता रमाबाईंना जे भिडले ते नेमके येथे. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. पतित स्त्रियांसाठी वाँटेजच्या भगिनींचे जे काम लंडनमधील फुलहॅम येथे चाले, ते त्यांनी पाहिले. अशा स्त्रियांना पुन्हा उभे करावयाचे असते, ही गोष्ट त्यांना नवी होती. हे तुम्ही का करता, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा वाचून दाखविली. तर्काने सुटू न शकलेला प्रश्न त्यांच्यापुढे एका घराच्या रूपाने उभा राहिला. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या निर्णयात फादर गोरे यांच्या लेखनाचाही वाटा होता. पुढे केडगावी त्यांनी जी संस्था उभारली तिचे नाव ‘मुक्ती’ ठेवले, आणि घसरलेल्या स्त्रियांसाठी तेथे ‘कृपासदन’ काढले.

रमाबाईंचे धर्मांतर पुष्कळांना रुचले नाही, आणि न रुचण्याचा हक्क त्यांना आहे. पण फुलहॅमला रमाबाईंनी जे विचारले त्यासारखा प्रश्न आमच्या एखाद्या देवस्थानाच्या दाराशी कोणी विचारला असता, तर आम्ही कोणते घर दाखविले असते? श्रद्धेने आम्हीही मांजरीचे पिल्लूच होतो. वागणुकीत मात्र त्या पिल्लाला धरावयास कोणी नव्हते.

आणखी एक गोष्ट. ज्या भगिनींनी रमाबाईंना हा मार्ग दाखविला, त्यांच्याशीच पुढे त्यांचा वाद झाला. त्रैक्याचा सिद्धांत चर्चने सांगितला म्हणून मान्य करावा, हे त्यांना पटेना. आपल्याकडे स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे आणि ती आपण कोणाच्या स्वाधीन करणार नाही, ही त्यांची भूमिका त्या वेळच्या पत्रव्यवहारात स्पष्ट दिसते. देवाने आपल्या उद्धाराचा निश्चय केला आहे, हे त्यांनी मनापासून मानले होते. तो निश्चय आपल्या वतीने अमलात आणण्याची मुखत्यारी मात्र त्यांनी वाँटेजलाही लिहून दिली नाही.