हवेची वाट

निवांत बसा. डोळे मिटलेच पाहिजेत असं नाही. आज मंत्र नाही, श्वास मोजणं नाही. मनापुढे द्राक्षाचा एक मणी धरायचा आणि तो जाईल तिथे त्याच्या मागे जायचं, एवढंच.

मणी थॉमसन जातीचा, बिनबियांचा, 18 मिलिमीटरच्या आसपासचा. त्याच्या अंगावर पांढुरकी झाक आहे. ती औषधाची नव्हे. ते त्याचं स्वतःचं मेण. बोट लागलं की पुसलं जातं आणि तिथे चकचकीत डाग उरतो. म्हणून नाशिकच्या निफाड-दिंडोरीकडच्या तोडणीवाल्या बायका घड देठाला धरतात, मण्यांना शिवत नाहीत. तुम्हीही मनातल्या मनात देठालाच धरा.

फेब्रुवारीची सकाळ आहे, ऊन अजून बागेत उतरलेलं नाही. गोडी छाटणी ऑक्टोबरात झाली; त्यानंतर विरळणी झाली, डिपिंग, म्हणजे घड संजीवकात बुडवणं, झालं, अवकाळीची धास्ती घेऊन जागवलेल्या रात्री झाल्या. आता कात्री लागते आणि घड वेलीपासून सुटतो.

इथे थांबू. तोडलेलं फळ म्हणजे संपलेलं फळ, असं आपण न बोलता धरून चालतो. पण हा मणी जिवंत आहे. तो प्राणवायू घेतो, आपल्यातलीच साखर जाळतो, थोडी ऊब बाहेर टाकतो. वेलीकडून आता काही मिळणार नाही. केळं तोडल्यावर पिकतं, आंबा अढीत पिकतो. द्राक्षाला ती सोय नाही. जेवढी गोडी घेऊन निघालं तेवढ्यावरच पुढचे सगळे दिवस काढायचे. श्वास मोजायचाच असेल तर आज त्याचा मोजा. उन्हात तो भराभर चालतो, गारव्यात मंदावतो. शीतसाखळी म्हणून जे काही उभं केलं आहे, ते या एका श्वासाला संथ करण्यासाठी.

पॅकहाऊसमध्ये घड उलटासुलटा करून पाहतात, बारीक कात्रीने डागी मणी काढतात. मग पनेट, म्हणजे छोटा डबा, पनेट खोक्यात, वर एक कागद. त्या कागदातून ओलाव्याने हळूहळू सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि करड्या बुरशीला अडवतो. जास्त सुटला तर मणी पांढरे पडतात, कमी पडला तर बुरशी येते. हे सगळं सावकाश पाहा, पण नजर शेवटी खोक्याच्या भोकांवर आणा. बाजूला ओळीने कापलेली साधी भोकं. खोक्यावर बागेचं, फळाचं चित्र असतं, छपाई देखणी असते. मला मात्र भोकंच महत्त्वाची वाटतात. चित्र नसलं तरी द्राक्ष पोचेल.

कारण आता प्रीकूलिंग. पंखे गार हवा ओढतात आणि ती भोकांतून शिरून घडांमधून निघते. थर रचताना भोकासमोर भोक आलं तर हवा मण्यापर्यंत पोचते; नाही आलं तर ती बाहेरून वळसा घालून जाते. खोली गार होते, फळ नाही. बागेची ऊब खोक्याच्या पोटात तशीच बसून राहते. म्हणून अनुभवी माणूस खोलीच्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही. तो मण्यात थर्मामीटरची सुई खुपसतो.

ही ऊब आत्ताच काढायची, कारण पुढे ती निघत नाही. रेफर कंटेनर म्हणजे चाळीस फुटी फ्रीज, घातलं की गार होतं, असा समज आहे. तसं नाही. त्याचं यंत्र गार माल गार ठेवण्यापुरतं असतं. गरम माल गार करायला ते फार अपुरं. दाराशी जे तापमान आत गेलं, तेच बहुतेक समुद्र ओलांडतं.

आता कंटेनरच्या आत जा. दार बंद, अंधार, पंख्याची घरघर. आकडा शून्य किंवा त्याच्याही किंचित खाली. साखरेमुळे मणी एवढ्याने गोठत नाही. हवेच्या एका झुळकीबरोबर चला. समोरच्या भिंतीतल्या यंत्रातून ती खाली उतरते, जमिनीवरच्या अॅल्युमिनियमच्या पन्हळींतून दारापर्यंत सरकते, खोक्यांच्या भोकांतून वर चढते, छताखालून मागे फिरते आणि मण्यांनी सोडलेली ऊब घेऊन यंत्राकडे परत येते. भिंतीवर वरच्या बाजूला एक लाल रेघ आहे. तिच्यावर माल रचायचा नाही. तिथे आणखी एक थर सहज बसला असता, भाड्याला परवडलंही असतं. पण ती जागा मालाची नाही, हवेच्या परतीची आहे.

ही झुळूक मनात फिरू द्या. घाई नाही, पुढे बरेच दिवस ती हेच करणार आहे.

तेवढ्यात एका माणसाची आठवण काढू. 1882 च्या फेब्रुवारीत ‘डनेडिन’ नावाचं शिडाचं जहाज न्यूझीलंडहून लंडनला निघालं. पोटात जवळपास पाच हजार मेंढ्या-कोकरांचं गोठवलेलं मांस आणि गारवा करणारं कोळशाचं यंत्र. वरच्या शिडांना त्याच्या ठिणग्या लागत. उष्ण कटिबंधात वारा पडला, आणि आत गार हवा सगळीकडे पोचत नाही असं कप्तान व्हिटसन यांच्या ध्यानात आलं. यंत्र चालू होतं, गारवाही तयार होत होता, वाट नव्हती. तेव्हा ते स्वतः हवेच्या मुख्य नळीत सरपटत शिरले आणि आणखी भोकं पाडू लागले. थंडीने तिथेच गारठून निपचित पडले. त्यांच्या मागे जहाजावरचा दुय्यम अधिकारी, मेट, शिरला, पायांना दोर बांधला आणि त्यांना ओढून बाहेर काढलं. 98 दिवसांनी माल लंडनला लागला. एवढ्या मांसातलं एकच धड टाकून द्यावं लागलं.

नळीतल्या त्या माणसाजवळ थोडं रेंगाळा. बाहेर उकाडा, आत गोठवणारी थंडी, मधे एक भिंत आणि हातात भोक पाडायचं हत्यार.

इकडे आपला मणी न्हावाशेवा बंदरातून निघाला आहे. रस्त्याने येताना कंटेनरला जनरेटर जोडलेला होता, आता जहाजाची वीज आहे. जहाजावर कुणीतरी रांगेने फिरून एकेका कंटेनरचा आकडा पाहतो; आत काय आहे, कुणाच्या बागेचं आहे, त्याला ठाऊक नसतं. सुएझवरून रॉटरडॅमला साधारण तीन-साडेतीन आठवडे. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले आणि बरीचशी जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. दहा-पंधरा दिवस वाढले. ते दिवस मण्यात आधीपासून असावे लागतात. त्या सकाळी ऊन चढायच्या आत तोडणी झाली का, गाडी सावलीत उभी होती का, भोकासमोर भोक आलं का, यातून ते साठलेले असतात. वाटेत मागून मिळत नाहीत.

रॉटरडॅमला दार उघडतं. तपासणारा आधी मणी चाखत नाही, देठ पाहतो. देठ हिरवा असेल तर गारवा नीट पोचला. तपकिरी आणि वाळका असेल तर कुठेतरी ऊब राहून गेली होती. मग सुई, मग चव, मग खोक्यांत ठेवलेल्या नोंदयंत्राचा आलेख. त्यात एखादा उंचवटा दिसला की तो नेमका कुठे आला, जहाजावर, धक्क्यावर की पॅकहाऊसच्या दाराशी, यावर पत्रं सुरू होतात. माल विकून दर ठरणार असा सौदा असेल, तर या पत्रांवर शेतकऱ्याचे पैसे अडलेले असतात.

तोवर निफाडला एप्रिल लागलेला असतो. खरड छाटणीची माणसं बागेत आलेली असतात, त्यांची मजुरी रोजच्या रोज द्यावी लागते, आणि हिशेब अजून आलेला नसतो.