चाच्यांचे मत आणि जहाजाची मालकी

अठराव्या शतकाच्या आरंभी चाच्यांच्या जहाजावर कप्तान मताने निवडला जाई आणि मतानेच पायउतार होई. एवढ्या भांडवलावर व्यवस्थापनाच्या व्याख्यानांत ते जहाज आज लोकशाहीचा आद्य नमुना म्हणून मिरवते. १९८३ मध्ये ॲपलच्या स्टीव्ह जॉब्ज यांनी मॅकिंटॉश संगणक घडवणाऱ्या चमूपुढे आरमाराऐवजी चाच्यांचा आदर्श ठेवला, तेव्हापासून ही उपमा नव्या कंपन्यांना चिकटली आहे. त्या जहाजाचा मालक कोण, हा प्रश्न मात्र तिच्यात येत नाही.

कॅरिबियन समुद्रातल्या बुकेनियर लुटारूंची रीत त्यांच्यातच वावरलेल्या एक्सक्वेमेलिनने १६७८ च्या पुस्तकात नोंदवली आहे. लूट नाही तर मोबदला नाही, हा पहिला नियम. लुटीतून आधी जहाजाबद्दल कप्तानाची ठरलेली रक्कम, सुतार आणि वैद्याचा मेहनताना, मग जखमींची भरपाई वजा होई. उजवा हात गेला तर चांदीची ६०० स्पॅनिश नाणी किंवा ६ गुलाम. उरल्या लुटीत खलाशाला १ वाटा, कप्तानाला ५ ते ६. करार, वाटे आणि भरपाई हे सारे असे आधीच रुळलेले होते. अठराव्या शतकातल्या चाच्यांनी समता शोधून काढली, हा समज इथेच डळमळतो.

खरा बदल जहाजाच्या मालकीतला, आणि तो १७१३ च्या उत्रेख्त तहानंतरचा. युरोपातले युद्ध संपले, हजारो खलाशी बेकार झाले, मजुरी घसरली. व्यापारी जहाजाचे मालक लंडन-ब्रिस्टलमध्ये बसत. त्यांचे भांडवल सांभाळायला कप्तानाच्या हाती चाबूक असे. चाच्यांचे जहाज चोरीचे. त्याचे भाडे कोणाला द्यायचे नव्हते, मालकाचा माणूस म्हणून कोणाला मोठे करायचे नव्हते. चाच्यांचा कप्तान बार्थोलोम्यू रॉबर्ट्स याच्या करारनाम्यात म्हणूनच कप्तान आणि क्वार्टरमास्टर यांना प्रत्येकी २ वाटे उरले आणि महत्त्वाच्या बाबतीत प्रत्येकाला एक मत मिळाले. पाठलाग आणि लढाईत कप्तानाचा हुकूम अंतिम. शिधावाटप आणि भांडणांचा निवाडा क्वार्टरमास्टरकडे. नोव्हेंबर १७१८ मध्ये चार्ल्स व्हेन या दुसऱ्या चाचे-कप्तानाने एका फ्रेंच युद्धनौकेपुढे माघार घेतली. दुसऱ्या दिवशी खलाशांनी त्याला भ्याड ठरवून मताने काढले, क्वार्टरमास्टर जॅक रॅकमला कप्तान केले आणि व्हेनला समर्थकांसह एका लहान गलबतावर रवाना केले. भागीदारांनी कारभारी बदलला.

भागीदारीची हद्द करारावरच्या सहीपाशी संपत होती. जानेवारी १७२२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या उइदा बंदरात रॉबर्ट्सच्या टोळीने खंडणी नाकारणारे एक गुलामवाहू जहाज जाळायचे ठरवले. आत सुमारे ८० आफ्रिकी माणसे जोडीजोडीने साखळदंडात होती. बेड्या काढायला वेळ लागतो म्हणून त्यांच्यासकट जहाज पेटवले गेले. पाण्यात उडी टाकलेल्यांना शार्क माशांनी फाडले. प्रत्येकाला मत देणाऱ्या कलमात ही माणसे कुठेच नव्हती.

पुढच्याच महिन्यात रॉबर्ट्स ब्रिटिश आरमाराशी लढताना मारला गेला, त्याच किनाऱ्यावरच्या केप कोस्टला त्याच्या ५२ साथीदारांना फाशी झाली आणि काही वर्षांत ही पद्धत मोडली. तिचा वारसा सांगायचा तर तो सहमालकांच्या समतेचा. आजच्या कंपनीत भांडवल भागधारकांचे असते आणि नोकरांना चाचे व्हा म्हणणारा प्रमुख स्वतःला हटवण्याचे मत त्यांच्या हाती देत नाही.