दर्शन आणि मालकी

यात्रेकरू आणि प्रवासी यांच्यातील भेद श्रद्धेच्या निकषावर केला जात असला, तरी समोरच्या स्थळाशी नाते कसे जोडावे, हा प्रश्न दोघांपुढेही सारखाच असतो. चीनमधील सुझोऊ येथे सोळाव्या शतकाच्या आरंभी उभारलेल्या 'जुओजंग युआन' या उद्यानात तळ्याकाठी उभे राहिले असता दूरवरचा उत्तर मंदिराचा मनोरा पाण्यावर तरंगल्यासारखा दिसतो. वास्तविक तो उद्यानाच्या भिंतीबाहेर, वेगळ्या बौद्ध मंदिराच्या आवारात आहे. उद्यानरचनाकार जी छंग यांनी 1631च्या सुमारास 'युआन ये' या ग्रंथात या युक्तीला, म्हणजे बाहेरचे दृश्य आपल्या रचनेत सामावून घेण्याला, उद्यानकलेत फार वरचे स्थान दिले. उद्यानाच्या धन्याने मनोरा बांधला नाही; त्याने मधली जागा मोकळी ठेवली, एवढेच. हे 'एवढेच' मात्र फार मोठे आहे. जगाचा भोग त्यागपूर्वक घ्यावा, कोणाच्या धनाचा लोभ धरू नये, ही ईशावास्योपनिषदाच्या पहिल्या मंत्राची शिकवण तेथे दगड, पाणी आणि मोकळ्या जागेतून साकार झालेली दिसते.

स्थळाशी असे नाते तेथे पोहोचण्याच्या वाटेवरही जुळते. सातव्या शतकात महाराष्ट्रात आलेल्या ह्युएन त्संग या चिनी भिक्षूने केलेल्या एका विहाराच्या वर्णनात (अभ्यासक तो विहार अजिंठ्याचा मानतात) आधी डोंगररांगा, मग काळोखी दरी आणि त्यानंतर दालने येतात. यावल तालुक्यात आडगावजवळ सातपुड्याच्या कुशीत असलेल्या मनुदेवीच्या, खानदेशातील अनेक कुळांच्या कुलदेवतेच्या, दर्शनाचा क्रमही हाच आहे: आधी रान, मग पावसाळ्यात कड्यावरून कोसळणारा धबधबा आणि शेवटी देवीचे ठाणे. नवस फेडायला आलेले कुटुंब हा क्रम नकळत पाळते, आणि त्याच्या भक्तीचा मोठा भाग या वाटेवरच घडतो. सुझोऊच्या शिल्पींना डोंगर आणि पाणी भिंतीच्या आत रचावे लागले. सातपुड्यात ते आधीपासूनच आहेत, म्हणून तेथे माणसाचे काम केवळ राखण्याचे उरते.

देवस्थानाचा विकास म्हणजे मोठा सभामंडप आणि फरशीचे आवार, अशी समजूत सर्वत्र रूढ होत आहे. ती धर्मदृष्ट्याही चुकीची आहे, कारण कडा आणि झरा झाकणारे बांधकाम देवीच्या दर्शनातच उणीव आणते. देणगी देणाऱ्या भाविकांनी पुढच्या वेळी मंडपाऐवजी झऱ्याच्या स्वच्छतेसाठी आणि वाटेवरच्या झाडांसाठी दान द्यावे.