बारा वीत लांब, सात वीत रुंद

ती कुटी मृगाच्या किड्यासारखी लालभडक होती आणि तिच्यातून छोट्या घंटेसारखा नाद यायचा, असे विनयपिटकात, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, सांगितले आहे. ती बांधणारा धनिय हा कुंभाराचा मुलगा, राजगृहाजवळ राहणारा भिक्षू. तो भिक्षेला गेला की सरपण गोळा करणारे लोक त्याच्या कुटीचे गवत-लाकूड उचलून न्यायचे. असे तीनदा झाले. शेवटी त्याने आपली कला वापरली. सगळी कुटी मातीची घडवली, मग गवत, लाकडे आणि शेणी रचून ती अख्खी भाजून काढली. आता ती कोणाला मोडता येणार नव्हती.

बुद्धाने ती पाहिली आणि पाडायला लावली. कुटी मोठी किंवा देखणी असल्याचा तो राग नव्हता. ती भाजताना जी जीवसृष्टी जळली तिचा विचार धनियाने केला नाही, आणि मागाहून येणारे भिक्षू त्याचाच कित्ता गिरवतील, ही खरी अडचण होती.

ही गोष्ट जुन्नरमध्ये आठवायला कारण आहे. शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी आणि तुळजा या डोंगरांत मिळून इथे दोनशेहून अधिक लेणी आहेत. भारतात एका ठिकाणी एवढी लेणी दुसरीकडे नाहीत. लेण्याद्रीच्या ज्या सातव्या लेण्यात आज गिरिजात्मजाचे दर्शन घेतात, तेही मुळात भिक्षूंचे विहारच. मधे खांबांशिवायचे मोठे दालन, भोवती वीस खोल्या. दगड उन्हाळ्याच्या दुपारीही सावकाश तापतो, म्हणून खाली कुकडीकाठ भाजत असताना आत गारवा राहतो. विनयाचे नियम निकायागणिक, म्हणजे बौद्ध पंथागणिक, थोडे वेगळे असले, तरी घर किती आणि कसे असावे हा प्रश्न इथे राहणाऱ्यांसाठी धर्माचाच प्रश्न होता.

आज नारायणगाव, ओतूर किंवा घोडेगावला घर बांधायला काढणाऱ्याला तो धर्माचा वाटत नाही. विटांचे बांधकाम, वर स्लॅब, पश्चिमेला मोठ्या काचा, आणि एप्रिलमध्ये स्लॅब रात्रीपर्यंत तापलेला राहिला की एसी. यासाठी मोजमाप उपलब्ध आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर 2018 मध्ये ‘इको निवास संहिता’ आणली. थंड प्रदेश सोडून इतरत्र भिंती-खिडक्यांमधून आत येणारी उष्णता दर चौरस मीटरला सरासरी 15 वॅटच्या आत ठेवावी, छतातून जाणारी उष्णता आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या दर अंश फरकामागे चौरस मीटरला 1.2 वॅटच्या वर नसावी, उघडणाऱ्या खिडक्या जमिनीच्या क्षेत्रफळाच्या ठरावीक प्रमाणात असाव्यात, असे ती सांगते. मात्र ती 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांसाठी आहे, म्हणजे जवळपास पाच गुंठे. गावातली बहुतेक घरे त्याहून लहान जागेवर उभी राहतात.

म्हणजे तिथे कोणी विचारणार नाही. जिथे कायदा पोहोचत नाही, तिथे मर्यादा पाळायची का, आणि कोणासाठी?

घर माझे, पैसा माझा, वीजबिल मी भरणार, हे उत्तर सोपे आहे आणि प्रामाणिकही. पण विनयातला कुटीचा नियम नेमका याच हिशोबातून निघाला. आळवीचे भिक्षू स्वतःच्या कुट्यांसाठी लोकांकडे इतके मागू लागले की लोक त्यांना पाहून वाट बदलू लागले. गाय दिसली तरी भिक्षू समजून पळू लागले. तेव्हा ठरले, की दाता नसताना मागून आणलेल्या सामानाची कुटी सुगताच्या, म्हणजे बुद्धाच्या, वितीने बारा वीत लांब आणि सात वीत रुंद असावी. सुगताची वीत म्हणजे नेमकी किती, यावर पुढे मतभेद झाले; सामान्य माणसाच्या वितीच्या तिप्पट, असे टीकाकारांनी सांगितले. प्रमाण आले की मापाचा वाद येतोच. त्यामुळे मर्यादेमागचे कारण खोटे ठरत नाही: आपल्या भिंतीचा भार दुसऱ्याच्या दारात पडतो.

वीजबिलात तो भार दिसत नाही. जुन्नरमधल्या बेडरूममध्ये एसी लागतो तेव्हा चंद्रपूरच्या किंवा कोराडीच्या संचात कोळसा जळतो आणि राख तिथल्या लोकांच्या वाट्याला येते. शेजारच्या आंबेगाव तालुक्यातल्या लोकांना तर हे समजावून सांगायला नको. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. पूर्वेकडच्या शिवारात कालव्याचे पाणी पोहोचावे म्हणून कोणाची तरी ओटी, माजघर आणि देवघर बुडाले.

इथे धनियाची कुटी पुन्हा समोर येते. संहितेचा 2018 चा पहिला भाग भिंतीतून किती उष्णता आत येते ते मोजतो. ती भिंत भाजताना भट्टीत किती जळले ते मोजत नाही. बुद्धाने नेमके तेच मोजले होते. म्हणून प्रमाण निवडणाऱ्याने दोन्ही हिशोब मांडायला हवेत. केरळात वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी रुजवलेली रॅट-ट्रॅप बांधणी इथे मोलाची वाटते: विटा उभ्या लावल्याने भिंतीत पोकळी राहते, सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते. स्लॅबवर चुन्याचा पांढरा थर, पश्चिमेला पडवी, समोरासमोर खिडक्या, यांना फार पैसा लागत नाही. नकाशा काढतानाच त्यांचा विचार करावा लागतो, एवढेच.

मात्र ही मर्यादा सगळ्यांना एकाच सुरात सांगणे अन्याय ठरेल. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घरकुलाचे किमान क्षेत्र 25 चौरस मीटर, आणि सपाटीवर मदत 1 लाख 20 हजार रुपये. नाणेघाटाच्या बाजूला कुडाच्या भिंती सोडून पहिल्यांदा पक्क्या घरात जाणाऱ्या महादेव कोळी कुटुंबाला संयम शिकवायचा कोणी? तिथे प्रमाण म्हणजे पत्र्याखालचा ताप कमी होणे आणि चुलीचा धूर बाहेर जाणे, त्यांच्या हक्काचे काहीतरी वाढणे.

विनयात आणखी एक बारकावा आहे. दाता खर्च करणार असेल तर विहाराला आकाराची मर्यादा नाही. पण जागा संघाला दाखवण्याची अट तेव्हाही सुटत नाही: तिथे जीवांना उपद्रव होऊ नये आणि भोवती फिरायला मोकळी जागा हवी. श्रीमंताची देणगी या अटीतून सूट देत नाही. 30 जुलै 2014 च्या सकाळी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेच्या वर माणसे गेली, तेव्हापासून आंबेगावात घराच्या जागेचा प्रश्न ऊर्जेच्याही आधी येतो. डोंगर फोडून केलेल्या सपाटीवरचे घर कितीही कमी वीज खावो, त्याला चांगले घर म्हणता येत नाही.

हे सगळे ठरते ते पाया खणण्याआधी, गवंडी फक्कीने रेषा आखतो त्या सकाळी. दोरी अजून सैल असते आणि खुंटी उपटून दोन हात सरकवता येते. उतार कुठे आहे, पावसाचे पाणी कुठून येईल, दुपारनंतरचे ऊन कोणत्या भिंतीवर पडेल, हे तेव्हा मालकाने आणि गवंड्याने उभ्या उभ्या बघून घ्यायचे असते.