अपरीक्षित आणि अपरीक्षितकारक

बेंगळूरुच्या उत्तरेस असलेल्या देवनहळ्ळीची ओळख सामान्यतः टिपू सुलतानाचे जन्मस्थान अशी करून दिली जाते. त्या गावाच्या इतिहासात आणखी एक प्रसंग आहे आणि तो विचारप्रवर्तक आहे. १७४९ साली म्हैसूरच्या सैन्याने तेथील किल्ल्याला वेढा दिला, तेव्हा हैदर अली या फारशा प्रसिद्ध नसलेल्या शिपायाचे धाडस मंत्री नंजराजाच्या नजरेत भरले आणि एका लहानशा तुकडीचे नेतृत्व त्याच्याकडे आले. पुढे पायरीपायरीने त्याचा अधिकार वाढत गेला व १७६१ पर्यंत राज्याची सूत्रेच त्याच्या हाती गेली. ज्यांनी त्याची पारख केली, त्यांनाच त्याने बाजूला सारले. कर्तृत्वाची परीक्षा झाली म्हणजे माणसाची सर्व परीक्षा झाली, असे नव्हे, हे या प्रसंगाचे दुसरे अंग होय.

या देवनहळ्ळीच्या परिसरात, विमानतळाजवळ, भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे नवे प्रशिक्षण केंद्र सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाले. खेळाडूंना घडविणाऱ्या या भूमीवर एक जुना नैतिक प्रश्न नव्याने उभा राहतो. ज्याने संघ घडविण्याचे काम यापूर्वी कधीच केलेले नाही, त्याच्या हाती संघाची संपूर्ण धुरा सोपवावी काय? इंग्लंड-ऑस्ट्रेलियातील व्यावसायिक रग्बी लीगपासून युरोपातील फुटबॉलपर्यंत हा प्रश्न सतत विचारला जातो. तो केवळ क्रीडाक्षेत्राचा नाही. संपादक, कुलगुरू, नाट्यसंस्थेचा सूत्रधार अशा प्रत्येक नेमणुकीच्या मुळाशी तो असतो.

प्रश्नाची पहिली अडचण तार्किक आहे. अनुभवाशिवाय पद नाही आणि पदाशिवाय अनुभव नाही, हा नियम कठोरपणे पाळला तर जगातील कोणतेही पद पहिल्यांदा भरलेच जाणार नाही. आजचा प्रत्येक अनुभवी माणूस कधीतरी अपरीक्षित होता आणि कोणीतरी त्याच्यावर विश्वास टाकला होता. १७२० मध्ये शाहू महाराजांनी विशीच्या उंबरठ्यावरील बाजीरावाला पेशवेपदाची वस्त्रे दिली, तेव्हा दरबारातील जाणत्यांचा त्यास विरोध होता. तो विरोध अविचारी म्हणता येणार नाही. विशीतल्या तरुणाविषयी शंका घेणे हे जाणतेपणाचेच लक्षण होय. परंतु शाहू महाराजांनी केवळ वडिलांच्या पुण्याईवर विसंबून निर्णय घेतला, असेही नाही. बाजीराव पित्याबरोबर मोहिमांत वावरला होता. तो पदावर नवा असला, तरी कामाला परका नव्हता.

येथे ‘अपरीक्षित’ या शब्दाचे दोन अर्थ वेगळे करावे लागतात. एक, ज्याने ते पद भूषविलेले नाही तो. दुसरा, ज्याची त्या कामाला लागणाऱ्या गुणांविषयी कोणतीच पारख झालेली नाही तो. पहिला अर्थ अटळ आहे, तर दुसरा टाळता येण्याजोगा आहे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त दोन नाट्याचार्यांच्या वादाच्या निमित्ताने परिव्राजिका कौशिकी हाच विवेक सांगते. स्वतःच्या अंगी कला असणे निराळे आणि ती दुसऱ्याच्या ठायी उतरविता येणे निराळे. या दोन्ही गोष्टी ज्याच्यापाशी आहेत, त्यालाच ती शिक्षकांत अग्रस्थान देते. याच नाटकाच्या प्रस्तावनेत, जुने म्हणून चांगले आणि नवे म्हणून वाईट असे समजू नये, असाही विचार येतो. प्रतिष्ठित नाटककारांच्या पंक्तीत पुढे येऊ पाहणाऱ्या कवीची ती भूमिका आहे. नव्याला संधी द्यावी आणि शिकविणाऱ्याची कसोटी घ्यावी, हे दोन्ही आग्रह एकाच कृतीत नांदतात. त्यांत विसंगती नाही.

आधुनिक क्रिकेटमध्ये या विवेकाचा विसर पडतो तो कीर्तीमुळे. थोर फलंदाज हा थोर गुरू असणारच, असे गृहीत धरले जाते. बेंगळूरुचे अनिल कुंबळे जून २०१६ मध्ये भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्यापूर्वी त्यांनी मार्गदर्शक म्हणून काम केले होते, मात्र कोणत्याही संघाचे मुख्य प्रशिक्षकपद सांभाळलेले नव्हते. त्यांच्या कारकिर्दीत संघाने सतरा कसोटींपैकी बारा जिंकल्या आणि केवळ एक गमावली. तरीही वर्षभरातच त्यांनी राजीनामा दिला, आणि कर्णधाराला आपल्या कार्यशैलीविषयी आक्षेप असल्याचे त्यांनी स्वतःच जाहीर केले. दोष कोणाचा, हा येथे प्रश्न नाही. नेमणुकीच्या वेळी ज्ञान, निष्ठा व कर्तृत्व यांची खात्री होती. परस्परसंबंधांची कसोटी मात्र पदावर बसल्यानंतरच लागली.

याउलट, इंदूरच्या मराठी कुटुंबात जन्मलेले आणि बेंगळूरुत वाढलेले राहुल द्रविड यांनी प्रथम एकोणीस वर्षांखालील संघ व भारत ‘अ’ संघ हाती घेतला, पुढे राष्ट्रीय क्रिकेट अकादमीचे प्रमुखपद सांभाळले, आणि नंतर २०२१ मध्ये मुख्य प्रशिक्षकपद स्वीकारले. २०२४ च्या विश्वविजयाने ही वाट सफल ठरली. परंतु यशावरून वाटेचे समर्थन करणे घाईचे होईल. ग्रेग चॅपेल यांच्या गाठीशी प्रशिक्षणाचा अनुभव होता, तरी २००७ मध्ये त्यांची कारकीर्द कटुतेत संपली. अनुभव ही हमी नव्हे. तो फक्त पुरावा होय.

पुरावा कोणता ग्राह्य मानावा, याचे उत्तर अमोल मुझुमदार यांच्या उदाहरणात मिळते. प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून अधिक धावा करूनही ते भारताकडून एकही सामना खेळले नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतीय महिला संघाचे प्रशिक्षकपद त्यांच्याकडे आले, तेव्हा आंतरराष्ट्रीय कीर्तीच्या मोजपट्टीने ते अपरीक्षितच होते. तथापि मुंबईचा संघ त्यांनी सांभाळला होता. २०२२ च्या जूनमध्ये बेंगळूरुच्या चिन्नास्वामी मैदानावर रणजी करंडकाची अंतिम लढत झाली, तेव्हा मुंबईचे प्रशिक्षक ते होते आणि विजयी मध्य प्रदेशाचे चंद्रकांत पंडित. पंडितांनी त्याच मैदानावर १९९९ साली मध्य प्रदेशाचा कर्णधार म्हणून अंतिम सामना गमावला होता. दोघेही रमाकांत आचरेकरांचे शिष्य. स्वतः एकच प्रथम श्रेणी सामना खेळलेल्या त्या गुरूने, कला असणे आणि कला देणे यांतील अंतर आयुष्यभर आपल्या कामातून दाखवून दिले. २०२५ च्या विश्वचषकात मुझुमदार यांचा संघ सलग तीन सामने हरला. त्या क्षणी प्रशिक्षक बदलण्याची मागणी अस्वाभाविक ठरली नसती. २ नोव्हेंबर रोजी नवी मुंबईत तोच संघ विश्वविजेता झाला.

यातून नैतिक प्रश्नाचा गाभा स्पष्ट होतो. नेमणूक करणारा साहस करतो, पण त्या साहसाची किंमत बहुधा दुसरेच मोजतात. खेळाडूचे आयुष्य अल्प असते. फसलेल्या प्रयोगात गेलेली त्याची दोन वर्षे कोणतेही मंडळ परत करू शकत नाही. नवख्या प्रशिक्षकाचीही हानी होते, कारण पहिल्या अपयशाचा शिक्का त्याच्यावर बसतो आणि त्याला निवडणारे मात्र पुढल्या निवडीस मोकळे राहतात. दुसऱ्याच्या भवितव्यावर पैज लावणाऱ्याने स्वतःचेही काही पणाला लावले पाहिजे. पूर्वपरीक्षेचे कष्ट, निर्णयाची जाहीर जबाबदारी आणि पहिल्या चुका सोसण्याचा संयम, एवढे तरी त्याच्याकडे मागता येते.

‘पंचतंत्रा’च्या पाचव्या तंत्राचे नाव ‘अपरीक्षितकारक’ असे आहे. विश्वासू मुंगसाला अविचाराने मारणाऱ्या ब्राह्मणीची कथा त्यात येते. पारख न करता कृती करणारा, हा त्या शब्दाचा अर्थ. दोष तेथे मुंगसाचा नाही, घाईचा आहे. पारख न करता नेमणे आणि पारख न करता काढून टाकणे, ही त्याच दोषाची दोन रूपे. नवखेपण हा गुन्हा नव्हे, ती प्रत्येकाची पहिली अवस्था आहे. देवनहळ्ळीच्या तटाखाली नंजराजाने जे पाहिले ते खरेच होते, परंतु तेवढ्यावर तो थांबला. विश्वास टाकणाऱ्याची परीक्षा नेमणुकीच्या दिवशी संपत नाही. ती त्या दिवशी सुरू होते.