औषध कोणाचे?

आपण पैसे मोजून एखादी वस्तू घेतली की ती आपली झाली. चप्पल, घड्याळ, सायकल, सगळ्यांना हा नियम लागू पडतो. माझी सायकल मी जपून वापरीन किंवा मोडून टाकीन. शेजाऱ्याने त्यात बोलायचे कारण नाही. मग औषधाच्या गोळीलाही हाच नियम लावायचा का? मेडिकलमधून मी सहा गोळ्या आणल्या. दोन घेतल्या, बरे वाटले, उरलेल्या कपाटात टाकल्या. किंवा साध्या सर्दीला, गरज नसताना घेतल्या. यात दुसऱ्या कोणाचे काय गेले?

प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण त्याच्या आत नीतीची एक मोठी गाठ आहे. ती सोडवायची तर आपल्याला थोडे पोटात शिरावे लागेल.

साधारण १९८० पर्यंत डॉक्टरांची अशी पक्की समजूत होती की जठरातल्या तीव्र आम्लात कोणताही जिवाणू टिकू शकत नाही. पोटातला अल्सर काळजीने, तिखटाने आणि वाढलेल्या आम्लाने होतो असे सांगितले जाई. रोगी वर्षानुवर्षे आम्ल कमी करणारी औषधे घेत, काहींचे जठर कापावे लागे. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन या डॉक्टरांना सूक्ष्मदर्शकाखाली जठराच्या तुकड्यांवर वळणदार जिवाणू वारंवार दिसू लागले. बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. १९८२ मध्ये हे जिवाणू प्रयोगशाळेत वाढवण्यात त्यांना यश आले. हाच तो हेलिकोबॅक्टर पायलोरी. अल्सरचे मुख्य कारण काळजी नसून जंतू आहे, हे म्हणणे मात्र कोणी सहजासहजी ऐकून घेईना. शेवटी १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जिवाणूंनी भरलेला अर्क स्वतःच पिऊन टाकला. थोड्याच दिवसांत त्यांना उलट्या सुरू झाल्या, तपासणीत जठराला सूज दिसली आणि तिथे तेच जिवाणू सापडले. २००५ मध्ये वॉरन आणि मार्शल यांना नोबेल पुरस्कार मिळाला.

ही गोष्ट वर्गात सांगितली की मुले आधी तोंड वाकडे करतात आणि मग टाळ्या वाजवतात. मलाही ती आवडते. दुसऱ्याच्या पोटावर प्रयोग करण्यापेक्षा स्वतःच्या पोटावर केला, यात एक सचोटी आहे. पण या गोष्टीत एक बारीक गोष्ट आहे, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. मार्शल यांनी पत्नीला आधी काही सांगितले नव्हते. कळल्यावर त्यांनी ताबडतोब औषध घेण्याचा आग्रह धरला. तो आग्रह मला प्रयोगाइतकाच शहाणपणाचा वाटतो. घरात लहान मुले होती, आणि हा जंतू बहुधा घरातल्या घरातच, एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या पोटात जातो. नवऱ्याला वाटले की आपण फक्त आपला जीव पणाला लावला. पण जंतूला घराचा उंबरठा कळत नाही, तर शरीराचा काय कळणार?

म्हणजे 'माझे शरीर, माझी मर्जी' हे वाक्य जंतूंच्या बाबतीत अर्धेच खरे आहे. आता औषधाकडे येऊ.

पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी डिसेंबर १९४५ मध्ये नोबेल पुरस्कार स्वीकारताना जे भाषण केले, त्यात शेवटी एक कल्पित गोष्ट सांगितली होती. एका माणसाचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलिन विकत आणतो आणि थोडेसेच घेतो. जंतू मरायला ते अपुरे, पण त्यांना औषधाची सवय व्हायला पुरेसे. मग त्याच्याकडून बायकोला लागण होते. तिला न्यूमोनिया होतो, आणि आता पेनिसिलिन तिच्यावर चालत नाही. ती मरते. या मृत्यूला जबाबदार कोण? फ्लेमिंग यांचा निकाल स्पष्ट होता: तो नवरा.

औषध नुकतेच बाजारात येऊ लागले होते आणि शोधकर्ताच त्याच्या मृत्यूची वार्ता देत होता. पुढे तसेच घडले. एका मोठ्या अभ्यासाच्या अंदाजाप्रमाणे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट अशा जंतूंमुळे दगावली, ज्यांच्यावर औषध चालले नाही.

हे घडते कसे ते समजून घेतले पाहिजे, कारण नीतीचा प्रश्न त्यातच दडलेला आहे. उर्दूत आम्ही जिवाणूंना 'जरासीम' म्हणतो. कोट्यवधी जरासीमांत दोनचार असे निघतात की त्यांच्या घडणीत योगायोगाने काही बदल झालेला असतो आणि औषध त्यांचे काही बिघडवू शकत नाही. औषध दुबळ्यांना मारते, हे दोनचार उरतात आणि मोकळ्या मैदानात त्यांची वंशवाढ होते. शिवाय एका जातीचा जिवाणू ही विद्या दुसऱ्या जातीला देऊही शकतो. आणखी एक गोष्ट. गोळी आपण ज्या जंतूसाठी घेतो फक्त त्यालाच ती भेटत नाही. जुलाब लागले म्हणून घेतलेले मेट्रोनिडॅझोल जठरात मुकाट बसलेल्या पायलोरीलाही भेटते. पुढे कधी त्याच माणसाला अल्सर झाला आणि डॉक्टरांनी तेच औषध दिले, तर तो जंतू त्याला जुना ओळखीचा निघतो. पायलोरीवरचे दुसरे मुख्य औषध क्लॅरिथ्रोमायसिन. छातीच्या आणि घशाच्या दुखण्यांतही ते सर्रास दिले गेले, आणि आता अनेक देशांत पायलोरीवर त्याचा भरवसा राहिलेला नाही. हा जंतू साधा नाही. बहुतेकांना तो त्रास देत नाही हे खरे, पण जठराच्या कर्करोगाचे कारण म्हणून १९९४ मध्येच त्याची नोंद झाली आहे.

म्हणून सायकलचा नियम गोळीला लागू पडत नाही. मी सायकल मोडली तर माझीच मोडते. मी प्रतिजैविक उगाच वापरले तर ते सगळ्यांचेच थोडे बोथट होते.

मग हे औषध आहे तरी कोणाचे? आपल्या घरांत अशा वेळी 'अमानत' हा शब्द ओठावर येतो. पण मला तो इथे अपुरा वाटतो. अमानत जशीच्या तशी परत करायची असते, तिला हात लावायचा नसतो. औषध तर वापरण्यासाठीच आहे. आजारी मुलाला न देता ते जपून ठेवले तर त्या जपण्याला काय अर्थ? आणि योग्य कारणाने घेतलेली गोळीसुद्धा जंतूंना थोडेफार शिकवतेच.

मला जवळचा शब्द वाटतो तो 'वक्फ'. कोणी एक विहीर वक्फ करतो. तिचे पाणी वाटसरूने प्यावे, जनावराला पाजावे, रोप लावावे. पण विहीर कोणी विकायची नाही, बुजवायची नाही. तिच्यावर हक्क फक्त आज तहानलेल्यांचा नाही, उद्या तहानणाऱ्यांचाही आहे. प्रतिजैविके अशीच विहीर आहेत. गोळीची किंमत आपण देतो ती पोहऱ्याची. विहिरीची किंमत कोणीच दिलेली नाही, आणि देऊही शकणार नाही.

हे मान्य केले की फ्लेमिंग यांच्या निकालाकडे पुन्हा पाहावे लागते. त्यांच्या गोष्टीतला नवरा दोषी आहे का? माझ्या शाळेत येणाऱ्या मुलांचे पालक हातमागावर, हातगाडीवर, बांधकामावर काम करतात. घरात एकाला ताप आला तर डॉक्टरची फी, रक्ताची तपासणी आणि बुडालेली दिवसाची मजुरी असा तिहेरी हिशेब असतो. त्यापेक्षा मेडिकलवाल्याला सांगून दोन दिवसांच्या गोळ्या आणणे त्यांना परवडते. अशा बापाला आपण काय म्हणणार? तू तुझ्या शेजाऱ्याचा गुन्हेगार आहेस? ज्याला गोष्ट माहीत नाही आणि ज्याच्यापुढे दुसरा रस्ता नाही, त्याच्यावर संपूर्ण दोष टाकणे मला न्याय वाटत नाही.

वक्फमध्ये एक मुतवल्लीही असतो. पाणी काढताना एखाद्याचा पोहरा फुटका निघाला तर थोडे पाणी सांडते. पण विहिरीला कठडा नसेल, तिच्यात गटाराचे पाणी झिरपत असेल, तर जाब मुतवल्लीला विचारायचा असतो. औषधाच्या विहिरीचे मुतवल्ली कोण? रोगी जाऊ नये म्हणून पहिल्याच दिवशी भारी गोळी लिहिणारा डॉक्टर. चिठ्ठी न पाहता पाकीट फाडून देणारा विक्रेता. कोंबड्यांची वाढ लवकर व्हावी म्हणून खाद्यात प्रतिजैविक मिसळणारा व्यापारी. आणि या सर्वांवर नजर ठेवायची ते सरकार. आपल्या देशात २०१४ पासून काही प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र वही ठेवणे दुकानदाराला बंधनकारक झाले. २०१९ मध्ये कोलिस्टिन हे अखेरचा आधार समजले जाणारे औषध खाद्यजनावरांना देण्यावर बंदी आली. कायदे आहेत. विहिरीवर पहारा किती आहे, ते प्रत्येकाने आपल्या गल्लीतल्या दुकानावरून ठरवावे.

याचे उदाहरण फार लांब नाही. २०१६ च्या अखेरीस सिंधमधल्या हैदराबादेत असा टायफॉईड पसरू लागला की त्याच्यावर नेहमीची जवळजवळ सगळी औषधे निकामी ठरली. तोंडाने घ्यायची एकच भरवशाची गोळी उरली, अॅझिथ्रोमायसिन. या जिवाणूने आपली विद्या दुसऱ्या जातीच्या जिवाणूकडून घेतली होती. तो मुलांपर्यंत पोहोचला तो सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून. आता सांगा, यात फ्लेमिंगचा तो नवरा कोण? फुटलेल्या जलवाहिनीवर कोणाचे नाव लिहिलेले असते?

इथेच लसीचा विचार येतो. गंमत अशी की उर्दूत लसीला 'टीका' म्हणतात आणि मराठीत टीका म्हणजे दोष दाखवणे. लसीच्या नशिबी दोन्ही अर्थ आले आहेत. पण नीतीच्या तराजूत लस आणि प्रतिजैविक यांची पारडी उलटी आहेत. प्रतिजैविक मी घेतले की माझा फायदा होतो आणि सगळ्यांच्या ठेव्यातून थोडे कमी होते. लस मी घेतली की माझा फायदा होतोच, शिवाय माझ्याकडून पुढे जाणारा रोग अडतो. जो आजार झालाच नाही त्याला गोळी लागत नाही. म्हणजे लस घेणारा विहिरीतून पाणी काढत नाही, तिच्यात भर घालतो. पाकिस्तानने नोव्हेंबर २०१९ मध्ये सिंधपासून सुरुवात करून टायफॉईडची नवी लस नियमित लसीकरणात आणली. ती लस तयार झाली होती आपल्याकडच्या हैदराबादेत. एका हैदराबादेतला रोग आणि दुसऱ्या हैदराबादेतली लस! त्याआधी २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने हीच लस एक लाखाहून अधिक मुलांना दिली होती. पायलोरीवरही लस शोधणे चालू आहे. चीनमध्ये चार हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या चाचणीत पहिल्या वर्षी सुमारे ७२ टक्के संरक्षण दिसले, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. पण सर्वांना मिळेल अशी लस अजून आलेली नाही.

लसीबद्दल भीती असणाऱ्यांना अडाणी म्हणून हिणवणेही मला पटत नाही. भीतीला इतिहास आहे. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. तरीही लोक पुढे येईनात. तेव्हा तिसरे आगाखान सुलतान मुहम्मद शाह यांनी स्वतःचा दंड पुढे केला, आपल्या खोजा जमातीला लस घ्यायला लावली आणि प्रयोगशाळेसाठी आपली वास्तूही दिली. पुढे १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावात लसीच्या एका दूषित बाटलीमुळे १९ माणसे धनुर्वाताने मेली. दोष हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांची निर्दोष सुटका व्हायला १९०७ उजाडले. एकाच लसीच्या या दोन गोष्टी आहेत, आणि दोन्ही खऱ्या आहेत. लोकांना तर्काने पटते त्याआधी विश्वासाने पटते. तो विश्वास आधी स्वतःचा दंड पुढे करणाऱ्याला मिळतो आणि एका निष्काळजी बाटलीने जातो.

म्हणून जबाबदारी सर्वांची असली तरी ती सारखी नाही. ज्याला अधिक कळते आणि ज्याच्या हाती अधिक आहे, त्याने अधिक जाब द्यावा. पण हा हिशेब मांडून आपण सुशिक्षित मोकळे होत नाही. आपल्याकडे डॉक्टरची फी आहे, पाकिटावरची तांबडी रेघ आपल्याला दिसते, तीन दिवसांची सर्दी आपोआप जाते हे आपण वाचलेले आहे. तरी 'डॉक्टरसाहेब, जरा पॉवरची गोळी द्या' असे म्हणणारे बहुधा आपणच असतो. आपल्याला माहीत नव्हते ही सबब आपल्याला नाही. डॉक्टरने गरज नाही म्हटले तर हट्ट न धरणे, दिले तर सांगितले तसे घेणे, उरलेली गोळी शेजारणीच्या मुलाला न देणे, आपल्या मोहल्ल्यातल्या मुलांना लस मिळते का आणि नळाला स्वच्छ पाणी येते का हे विचारणे: यातले काहीच अवघड नाही.

ज्यांनी ही विहीर खोदली त्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. तिचे पाणी ज्यांना पुढे लागणार आहे, त्यांची नावे अजून ठेवलेली नाहीत. त्यांच्यातल्या एखाद्याला न्यूमोनिया होईल, आई त्याला कडेवर घेऊन दवाखान्यात धावेल, डॉक्टर एक औषध देतील. ते त्याच्यावर चालले पाहिजे. आज आपल्या हातात असलेल्या गोळीवर त्या मुलाचाही हक्क आहे.