जागरणाचे ऋण

माणसाच्या डोक्यावर जी ऋणे असतात त्यांपैकी बहुतेकांची त्याला निदान आठवण तरी असते. ज्याने विद्या दिली, ज्याने अडचणीच्या वेळी हात दिला, त्याला आपण विसरलो तर त्या विसरण्याची खंत वाटू शकते. परंतु एक ऋण असे आहे की ते घेतल्याचे ऋणकोला कधीच आठवत नाही. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत आपल्यासाठी कोणीतरी रात्रीमागून रात्री उठले आणि आपल्याला पाजले, म्हणून आपण आज आहोत. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण या प्रसिद्ध तीन ऋणांत हे जागरण वेगळे मोजलेले नाही. ते कोणी करावयाचे, हा प्रश्नही आपण क्वचितच विचारतो, कारण उत्तर ठरलेले आहे: आईने. हे उत्तर नीतीच्या कसोटीला कितपत उतरते, ते पाहण्यासारखे आहे.

प्रथम अर्भकाची बाजू पाहू. नवजात मूल दिवसाचे चौदा ते सतरा तास झोपते, पण ते तुकड्यातुकड्यांनी. त्याचे जठर लहान, आईचे दूध पचावयास हलके, म्हणून चोवीस तासांत आठ ते बारा वेळा त्याला पाजावे लागते. शिवाय दिवस आणि रात्र यांतला भेद त्याच्या शरीराला ठाऊकच नसतो. रात्रीची चाहूल देणारे मेलॅटोनिन नावाचे द्रव्य गर्भात असताना त्याला आईकडून मिळत होते; स्वतःच्या शरीरात ते तालबद्ध रीतीने तयार होऊ लागावयास साधारणपणे दोन-तीन महिने जातात. १९५७ साली लंडनमध्ये मूर आणि उको यांनी केलेल्या पाहणीत सुमारे सत्तर टक्के मुले तिसऱ्या महिन्यापर्यंत मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत आईबापांना न उठविता राहू लागली होती. पाच तासांच्या या अवधीलाच त्यांनी ‘रात्रभर झोप’ मानले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका कॅनडातील अभ्यासात सहा महिन्यांच्या मुलांपैकी सुमारे अडतीस टक्के मुले सलग सहा तास झोपत नव्हती. वर्षाच्या मुलांतही हे प्रमाण अठ्ठावीस टक्क्यांच्या आसपास होते. आणि तरीही त्या मुलांच्या वाढीत या कारणाने काही उणे आढळले नाही.

कांटच्या नीतिशास्त्रातून रूढ झालेले एक सूत्र आहे: जे करणे शक्य नाही, ते कर्तव्य होऊ शकत नाही. लंगड्याने धावावे असे आपण म्हणत नाही. त्याच न्यायाने दीड महिन्याच्या मुलाने रात्री उठू नये, अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही. हे सूत्र वरवर पाहता इतके उघड आहे की कोणी ते मोडील असे वाटणार नाही. पण ते मोडले गेले, आणि तेही शास्त्राच्या नावाने. न्यूझीलंडच्या ट्रुबी किंग या डॉक्टराने १९०७ साली सुरू केलेल्या बालसंगोपन-चळवळीने मुलाला घड्याळाप्रमाणे दर चार तासांनी पाजावे आणि रात्री मुळीच पाजू नये, असा दंडक घातला. इंग्रजी साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांत तो पोहोचला. रडणाऱ्या मुलाकडे दुर्लक्ष करणे म्हणजे त्याच्या चारित्र्याचा पाया घालणे, अशी त्यामागील समजूत होती. या मताने अनेक मुले जगविण्याचे खटाटोपही प्रामाणिकपणे केले, हे मान्य करूनही म्हणावे लागते की त्याने अपक्व शरीराला हट्टी स्वभाव समजण्याची चूक केली. पुढे मुलाच्या भुकेला घड्याळाहून अधिक मान मिळाला, आणि आज तोच सर्वमान्य सल्ला आहे.

इथवर कोणाचे दुमत होईलसे वाटत नाही. पण हे सूत्र एका बाजूला लावून आपण थांबतो. मुलाला जे शक्य नाही ते त्याच्याकडून मागू नये, हे खरे. मग आईला जे शक्य नाही ते तिच्याकडून कसे मागावे? झोप ही तिच्याही शरीराची गरज आहे. आठवड्यांमागून आठवडे दर दोन-तीन तासांनी उठणारी, आणि दिवसा स्वयंपाकघर सांभाळणारी स्त्री थकते, चिडते; पुष्कळदा तिचे मन खचते, आणि या खचण्याला आज वैद्यक आजार म्हणूनच ओळखते. अशा वेळी ‘आईची माया झोप जाणत नाही’ असे म्हणणे हा गौरव नव्हे. ती आपली स्वतःची सुटका आहे. जिला आपण देवता केले, तिला मदतीची गरज आहे हे दिसेनासे होते. जागरण तिच्या पाचवीलाच पुजलेले आहे, असे एकदा ठरविले की घरातील इतरांना निर्धास्त झोप लागते.

या म्हणीतच एक गोष्ट दडलेली आहे. मुलाच्या पाचव्या किंवा सहाव्या रात्री सटवाई येऊन त्याच्या कपाळी भविष्य लिहून जाते, म्हणून त्या रात्री घरातील माणसे जागतात. सटवाईवर विश्वास असो वा नसो, त्या रात्री जागरण सगळ्या घराचे असते. इतकेच नव्हे, तर सव्वा महिना बाळंतिणीला कामाला हात लावू न देण्याची रूढी होती. शेक, धुरी, डिंकाचे लाडू यांची व्यवस्था इतर बायका पाहत. मूल रडले की आजी ते खांद्यावर घेऊन अंगणात फिरे. आईला एकटीला हे झेपणार नाही, हे जुन्या घराला पक्के ठाऊक होते. मात्र तो भार वाटून घेणाऱ्या सगळ्या स्त्रियाच होत्या, म्हणून पुरुषाला तो कधी दिसला नाही.

बदलीच्या गावी हा पडदा दूर होतो. जबलपूरचेच उदाहरण घ्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले; उच्च न्यायालय येथे आले. त्याच्या कितीतरी आधीपासून, १९०४ पासून, तोफगाड्यांचा कारखाना येथे होता. पुढे खमरियाचा आयुध कारखाना झाला, आणि २००३ साली पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालयही येथेच झाले. या कचेऱ्यांनी आणि कारखान्यांनी मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या आणली. सरकारी क्वार्टरमध्ये नवरा, बायको आणि नवे मूल अशी तीनच माणसे असतात. नागपूर तीनशे किलोमीटरांच्या आत असले तरी रात्री दोन वाजता आजी तेथून येऊ शकत नाही. ती महिना-दोन महिने येऊन राहते आणि आपल्या घरच्या काळजीने परतते. त्यानंतर भार वाटून घ्यावयास उरतो तो एकटा पुरुष. कर्तव्य पूर्वीही होते. आता ते त्याच्या दाराशी येऊन उभे राहिले एवढेच.

तो म्हणेल, मला सकाळी कचेरी आहे. आक्षेप पोकळ नाही. रेल्वे-इंजिनाच्या चालकाची डुलकी शेकडो प्रवाशांच्या जिवावर बेतू शकते. गाडीवर जावयाच्या आदल्या रात्री त्याने झोपलेच पाहिजे. पण हाच न्याय आईलाही लागू आहे. खुर्चीवर बसून पाजता पाजता तिचा डोळा लागला, तर धोका तिच्या हातातील जिवालाच असतो. शिवाय आई स्वतः नोकरीत असेल, तर २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने तिला सव्वीस आठवड्यांची रजा मिळते. म्हणजे सहाव्या महिन्यात रजा संपते, पण रात्र संपलेली नसते. केंद्र सरकारच्या सेवेतील पित्यास १५ दिवसांची रजा आहे. ती पाहुणे-मंडळींच्या सरबराईत घालवावी की रात्रीसाठी राखावी, एवढे तरी त्याच्या हाती आहे.

दुसरा आक्षेप असा की अंगावर पाजणे पुरुषाला शक्य नाही. आमचेच सूत्र येथे आमच्यावर उलटते काय? नाही. रात्रीचे काम म्हणजे केवळ पाजणे नव्हे. दुपटे बदलणे, ढेकर काढणे, खांद्यावर घेऊन निजविणे, आईला पाणी आणून देणे, आणि सकाळचा चहा तिला न उठविता करणे, यांपैकी एकही गोष्ट पुरुषाच्या देहाला अशक्य नाही. गांधीजींनी आत्मकथेत लिहिले आहे की दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या आपल्या दोन मुलांचे संगोपन त्यांनी डॉ. त्रिभुवनदास यांचे गुजराती पुस्तक वाचून स्वतः केले, आणि १९०० साली धाकट्या मुलाच्या जन्मावेळी दाई वेळेवर न मिळाल्याने बाळंतपणही स्वतः पार पाडले. तेही परदेशी होते, आणि वकिलीचा व्यवसाय त्यांनाही होता. त्यांच्या गृहस्थाश्रमातील अनेक गोष्टी आपल्याला पटणार नाहीत. पण हे काम पुरुषाच्या आवाक्याबाहेरचे नाही, एवढे त्यावरून सिद्ध होते.

ज्याने आपल्यासाठी जागरण केले त्याला ते परत देता येत नाही. आई म्हातारी झाल्यावर तिची शुश्रूषा करणे हे वेगळे ऋण आहे. पहिल्या रात्रींचे ऋण पुढच्या पिढीच्या उशाशीच फेडावे लागते. ते फेडल्याची पोच मिळणार नाही, कारण या नव्या ऋणकोलाही काही आठवणार नाही. पुढे कधीतरी एके रात्री मूल सलग पाच-सहा तास झोपेल आणि घर शांत राहील. तोवर प्रत्येक रात्री मध्येच जाग आली की एवढेच विचारावे: आज उठण्याची पाळी कोणाची?